डाग पाण्याचा, बोल माणसाला

डहाणू-तलासरी भागातल्या पुष्कळशा वसतिगृहांच्या, आश्रमशाळांच्या आणि सरकारी दवाखान्यांच्या संडासात एक गोष्ट सारखी दिसते. भांड्याच्या आत, पाणी जिथे थांबते त्या रेषेवर, पिवळसर-तपकिरी कडे चढलेले असते. त्याच्या वर, पाणी ओघळून येते तिथे, खाली निमुळते होत गेलेले पट्टे असतात. तपासणीला आलेला अधिकारी दारातूनच पाहतो, रुमाल नाकाला लावतो आणि म्हणतो, "यांना बांधून दिले तरी वापरता येत नाही." 'यांना' म्हणजे कोणाला, हे सांगावे लागत नाही. मग अधीक्षक मुलांना बोलतो, मुले सफाई करणाऱ्या मावशींकडे बोट दाखवतात आणि मावशी खाली मान घालून ऍसिडची बाटली उचलतात. या सगळ्या साखळीत ज्याला बोल लागायला हवा तो बोअरच्या पाइपातून निवांत वाहत असतो.

मी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. हा डाग म्हणजे विष्ठा नव्हे. तो मुख्यतः दगड आहे. तो कसा बनतो आणि अंगावर जखमा न घेता कसा काढायचा, एवढेच मला सांगायचे आहे. पण हे सांगताना तो कोणाच्या नावावर मांडला जातो हा प्रश्न बाजूला ठेवता येत नाही, कारण काढण्याची चुकीची रीत त्या चुकीच्या आरोपातूनच आली आहे.

पावसाचे पाणी पडते तेव्हा त्यात क्षार जवळजवळ नसतात. जमिनीत मुरताना ते मुळांच्या आणि सूक्ष्मजीवांच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड शोषून घेते आणि किंचित आम्ल होते. असे पाणी खडकाच्या भेगांतून महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षे फिरते आणि खडक थोडा थोडा विरघळवते. आपल्या पायाखाली काळा पाषाण आहे. २०१८च्या नोव्हेंबरपासून धुंदलवाडीच्या आसपास भूकंपाचे धक्के सुरू झाले आणि लोक थंडीत घराबाहेर झोपू लागले, तेव्हा या खडकाची चर्चा पहिल्यांदा पाड्यापाड्यांत झाली. या काळ्या पाषाणातल्या खनिजांत कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर असते. त्याच्या पोकळ्यांतही चुनखडीचे स्फटिक भरलेले सापडतात. हे धातू बायकार्बोनेटच्या रूपाने पाण्यात उतरतात. किनाऱ्याकडे, डहाणू, चिंचणी, बोर्डीच्या पट्ट्यात, आणखी एक कारण येऊन मिळते. तिथल्या वाळूत शिंपल्यांचा चुना असतो आणि गोडे पाणी समुद्राच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. उपसा वाढला की खारे पाणी वर सरकते.

आमच्या शालेय पुस्तकात अशा पाण्याला 'दुष्फेन' म्हणत. ज्याला साबणाचा फेस येत नाही ते दुष्फेन, येतो ते सुफेन. गावात त्याला जड पाणी म्हणतात. मला गावचा शब्द अधिक बरा वाटतो, कारण त्यात पाण्याला काही दूषण दिलेले नाही. त्यात वजन आहे, एवढेच म्हटले आहे. वजन खरोखरच आहे. भारतीय मानक १०५०० (२०१२) पिण्याच्या पाण्यात एका लिटरला २०० मिलिग्रॅम काठिण्य योग्य मानते, आणि दुसरा स्रोत नसेल तर ६००पर्यंत चालवून घेते. 'दुसरा स्रोत नसेल तर' हे शब्द ज्या वस्त्यांना लागू पडतात त्या कोणाच्या, हे वाचकांनीच पाहावे.

इथे पाऊस कमी नाही. वर्षाला २००० मिलिमीटरच्या आसपास पडतो आणि बहुतेक चार महिन्यांत समुद्राला मिळतो. सूर्या नदीवर धामणीला धरण आहे. धरणाचे पाणी खडकात फिरलेले नसते, म्हणून ते भूजलापेक्षा सहसा सौम्य असते. त्यातला एक वाटा नळाने वसई-विरारला जातो. मुंबईला तानसा, वैतरणा, भातसाचे तलावाचे पाणी मिळते, तेही सुफेन. म्हणजे तपासणीला येणारा माणूस ज्या शहरातून येतो तिथे भांडे पांढरे राहणे ही त्याच्या संस्कारांची नव्हे, त्याच्या नळाची करामत असते.

आता भांड्यात काय होते ते पाहू. जमिनीखाली दाबाखाली असलेले पाणी वर आले की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जाऊ लागतो. तो गेला की बायकार्बोनेट टिकत नाही. त्याचे कॅल्शियम कार्बोनेट होते, म्हणजे चुनखडी, आणि ती पाण्यात विरघळत नाही. चहाच्या पातेल्याच्या बुडाला बसणारा पांढरा थर हाच. पातेल्यात हे उष्णतेने झपाट्याने होते, भांड्यात सावकाश होते. भांड्याच्या भिंतीवर राहिलेला पाण्याचा पातळ पापुद्रा वाळतो आणि त्यातला सगळा क्षार तिथेच राहतो. पुढच्या वेळी त्यावर दुसरा पापुद्रा. नळाचा वॉशर गेला असेल आणि दिवसरात्र थेंब गळत असेल, तर डाग त्या थेंबाच्या वाटेनेच वाढतो. निमुळते पट्टे त्याचेच.

बोअरच्या पाण्यात लोह असेल तर ते वर येताना रंगहीन असते. हवेतला ऑक्सिजन लागला की त्याचा गंज होतो आणि तो चुनखडीच्या थरात बसतो. तपकिरी रंग बहुतेक त्याचा. लोक ज्याला 'संडासाची घाण' म्हणून नाक मुरडतात तो रंग बोअरच्या केसिंगचा किंवा खडकातल्या लोखंडाचा असतो. मूत्राचा वाटा आहेच, तो नाकारण्यात अर्थ नाही. मूत्रातल्या युरियाचे जीवाणू अमोनिया करतात. अमोनियाने पाणी अल्कधर्मी होते आणि अल्कधर्मी पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे फॉस्फेट खाली बसतात. पण ते बसायला कॅल्शियम लागते, ते पाण्याने आणून दिलेले असते. थर एकदा खडबडीत झाला की बाकी सगळे त्याला धरून राहते, वासही.

वर्गात मी हा प्रयोग करून दाखवतो. दोन रिकाम्या बाटल्या घ्यायच्या, एकीत साठवलेले पावसाचे पाणी, दुसरीत वसतिगृहाच्या बोअरचे. दोन्हींत साबणाच्या पाण्याचे मोजून दहा थेंब टाकायचे आणि हलवायचे. एकीत बोटभर फेस येतो, दुसरीत पांढरा साका तरंगतो. तो साका म्हणजे वाया गेलेला साबण. गेल्या वर्षी तलासरीकडच्या एका पाड्यावरच्या मुलीने ते पाहून विचारले, "सर, मग आमच्या आईला दुकानदार म्हणतो, तुम्हांला साबण जास्त लागतो, ते यामुळेच का?" हो, यामुळेच. तिने विचारलेला प्रश्न माझ्या टिपणात नव्हता, आता आहे.

डाग कशाचा आहे हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. लिंबाचे चार थेंब कोरड्या डागावर टाकावेत. बारीक बुडबुडे आले तर चुनखडी. बुडबुडे नाहीत पण रंग विटकरी, तर लोह. आणि डाग काळपट, बुळबुळीत असेल, बोटभर काडीने सहज निघत असेल, तर तो क्षार नव्हेच, ते शेवाळ-बुरशीचे काम. त्याला आम्ल नको, ब्रश आणि साबण पुरे.

दुकानात मिळते ते खुल्या बाटलीतले ऍसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल. पुष्कळदा ते इतके तीव्र असते की बूच उघडताच धूर दिसतो. त्याने चुनखडी फसफसून जाते यात शंका नाही. पण ते फरशीच्या सांध्यातले सिमेंटही खाते, बिजागरी गंजवते आणि छातीत जाते. बंद, खिडकी नसलेल्या, चार बाय तीनच्या संडासात वाकून ते ओतणारी बाई त्या धुरात श्वास घेते. माझी आई अनेक वर्षे एका कचेरीत हेच काम करायची. हातमोजे नव्हते, घमेले होते. आज रेशनच्या दुकानातल्या यंत्रावर तिच्या बोटांचे ठसे नीट उमटत नाहीत. ते ऍसिडने गेले, की झाडूने, की त्याआधीच्या शेतमजुरीने, हे वेगळे काढता येत नाही. दुकानदार दोन बोटे बदलून पाहतो, मग म्हणतो, "आजी, उद्या या."

सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २०१३ रोजी ऍसिडच्या खुल्या विक्रीवर बंधने घातली: घेणाऱ्याची नोंद, ओळखपत्र, वय १८च्या वर. ही बंधने ऍसिड फेकणाऱ्यांना अडवण्यासाठी आली, ती आवश्यकच होती. जिच्या हातावर ते रोज कामासाठी सांडते तिचा विचार त्यात नव्हता. त्याच वर्षी हाताने मैला साफ करण्यास मनाई करणारा नवा कायदा झाला. १९९३च्या कायद्यापेक्षा तो पुष्कळ व्यापक आहे. पण अधिसूचित साधने व संरक्षक पोशाख वापरून काम करणाऱ्याला तो या व्याख्येतून वगळतो, आणि पाण्याच्या संडासाचे भांडे घासणारी कंत्राटी बाई त्या व्याख्येच्या बाहेरच उभी असते. तिचे काम 'स्वच्छता' या सुंदर शब्दाखाली जाते. जात मात्र बहुतेक ठिकाणी जुनीच असते.

महाडचे चवदार तळे १९२७ साली आपल्या स्पर्शाने बाटले आणि मंत्र म्हणून, शेणमूत टाकून शुद्ध झाले, हा इतिहास या पानांच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. मी एवढेच नोंदवतो, की पाण्यात खरोखर काय मिसळलेले आहे याची चौकशी तेव्हाही कोणी केली नाही. पाण्याचा दोष माणसात पाहण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे. भांड्यावरचा डाग ही तिची आजची, लहानशी, रोजची जागा.

एक धोका ठळकपणे सांगितला पाहिजे. ग्रामपंचायतीत पाणी निर्जंतुक करायला टीसीएल पावडर असते. ती पांढरी करते म्हणून पुष्कळ ठिकाणी भांड्यातही टाकतात. तिने डाग जात नाही; रंग फिका पडतो, दगड तसाच राहतो. मग 'गेला नाही' म्हणून त्यावर ऍसिड ओततात. असे कधीही करू नये. टीसीएल आणि आम्ल मिळाले की क्लोरिन वायू सुटतो. बेल्जियममधल्या ईप्र येथे २२ एप्रिल १९१५ रोजी जर्मन सैन्याने शत्रूच्या खंदकांवर सोडला तो हाच वायू. चार बाय तीनच्या खोलीत तो फार लागत नाही. टीसीएल आणि साचलेले मूत्र यांतूनही घशाला झोंबणारे वायू होतात. पावडर टाकलेली असेल तर आधी दोन-तीन बादल्या पाणी ओतावे, दार उघडे ठेवावे, आणि आम्लाचे काम दुसऱ्या दिवशी करावे.

आता रीत. किराणा दुकानात लिंबूसत मिळते, म्हणजेच सायट्रिक ऍसिड. पांढरे, साखरेसारखे खडे. हे आम्ल सौम्य आहे, धूर करत नाही, आणि लोखंडाच्या गंजालाही धरून पाण्यात आणते, म्हणून आपल्या भागातल्या तपकिरी डागाला ते दुप्पट उपयोगी. पहिले काम म्हणजे भांड्यातले साचलेले पाणी काढणे. हे न केल्यानेच बहुतेकांचे आम्ल फुकट जाते. बादलीभर पाणी एका दमात ओतले की बरेचसे पलीकडे जाते, उरलेले जुन्या मगाने व फडक्याने काढावे. मग अर्धा लिटर कोमट पाण्यात १०० ग्रॅम लिंबूसत विरघळवावे. उकळते पाणी नको. एक तर तडा जाण्याची भीती, आणि दुसरे, डागातून सुटलेल्या कॅल्शियमचे सायट्रेट गरम पाण्यात थंड पाण्यापेक्षा कमी विरघळते. घाई करणाऱ्याच्या भांड्यावर एक पांढरा थर जाऊन दुसरा बसतो.

डाग उभ्या भिंतीवर असतो आणि द्रावण खाली ओघळते, ही खरी अडचण. त्यासाठी वर्तमानपत्राच्या किंवा जुन्या सुती धोतराच्या पट्ट्या द्रावणात भिजवून डागावर चिकटवाव्यात. रात्रभर तशाच ठेवाव्यात. वसतिगृहात हे रविवारी रात्री, एका वेळी एकाच संडासात, दाराला दोरी बांधून करावे, नाहीतर पहाटे कोणीतरी जातोच. सकाळी पट्ट्या काठीने उचलून टाकाव्यात (त्या आत वाहू देऊ नयेत, भांडे तुंबते) आणि प्लॅस्टिकच्या ब्रशने घासावे. जुना थर एका रात्रीत जात नाही. तीन-चार रविवार लागतात. उरलेल्या टोकांना टाच घासायचा हलका, जाळीदार दगड चालतो, पण दगड आणि भांडे दोन्ही ओले हवेत. तारेची घासणी, विटकर, वाळू मुळीच नको. त्यांनी भांड्याची काचेसारखी चकाकी खरवडली जाते, आणि खरवडलेल्या जागी पुढचा डाग दुप्पट वेगाने धरतो. मागच्या पिढीच्या पुष्कळ भांड्यांचा नाश डागाने नव्हे, विटकरीने झाला आहे.

किती लागते याचा हिशेब करून पाहू. समजा पाण्याचे काठिण्य ६०० आहे आणि भांड्याच्या भिंतीवर दिवसाला ५० मिलिलिटर पाणी वाळते. म्हणजे रोज ३० मिलिग्रॅम क्षार, वर्षाला साधारण ११ ग्रॅम. दोन चमचे चुनखडी, बस. एवढ्या चुनखडीला कागदावर १५-१६ ग्रॅम लिंबूसत पुरते. प्रत्यक्षात तिप्पट-चौपट धरावे, कारण सगळे आम्ल कामाला येत नाही. चार टक्क्यांचा सिरका असेल तर कागदावर पाऊण पेल्याहून थोडा अधिक नव्हे, चांगला दीड पेला, म्हणजे ३३० मिलिलिटर लागतो. बाजारातल्या रंगीत बाटलीतल्या द्रावणात साधारण १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल असते. त्याचे ८० मिलिलिटर पुरावेत. दोन चमचे दगडासाठी धूर निघणारी बाटली कोणाच्या हाती देण्याचे कारण या हिशेबात कुठेच सापडत नाही.

आपल्याकडे ताडी आहे. ती फडके बांधून काही आठवडे राहू दिली की तिचा सिरका होतो आणि तो हेच काम सावकाश करतो. पण ताडी विकून चार पैसे येत असताना ती संडासात ओता असे मी कोणाला सांगणार नाही.

कोणतेही आम्ल वापरताना रबरी हातमोजे आणि चष्मा हवा. आम्ल पाण्यात टाकावे, पाणी आम्लात नव्हे. अंगावर सांडले तर वाहत्या पाण्याखाली बराच वेळ धरावे, चुना किंवा सोडा चोळत बसू नये. हातमोजे ही संस्थेने द्यायची वस्तू आहे, मावशींनी मागायची नव्हे. आणि मुलांकडून शिक्षा म्हणून संडास घासून घेणे ही बेकायदा गोष्ट आहे. शिक्षण हक्काच्या २००९च्या कायद्याचे १७वे कलम शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला मनाई करते. तलासरी तालुक्यातल्या झरी गावी १९४५च्या मे महिन्यात वारली शेतमजुरांनी वेठ करणार नाही असे ठरवले. त्यांच्या पणत्यांना वसतिगृहात वेठीला धरण्याचे काही कारण नाही. स्वतः वापरलेले भांडे प्रत्येकाने स्वच्छ ठेवावे, अधीक्षकानेही, ही वेगळी गोष्ट, आणि तिला माझा पाठिंबा आहे.

डाग परत येऊ नये म्हणून सर्वांत स्वस्त उपाय गळता नळ दुरुस्त करणे. वॉशर काही रुपयांना मिळतो. दुसरा, आठवड्यातून एकदा दोन चमचे लिंबूसत मगभर पाण्यात घालून कडेने फिरवणे. थर कोवळा असताना अर्ध्या तासात जातो. छपराचे पाणी साठवण्याचा सल्ला सगळे देतात. १०० चौरस मीटर छपरावर २००० मिलिमीटर पाऊस म्हणजे दोन लाख लिटर, हे खरे. पण १०,००० लिटरची टाकी असेल आणि २०० मुले रोज दोन-दोन लिटर ओतणार असतील तर पावसाळा संपल्यावर ती २५ दिवसांत रिकामी होते. दिवाळीनंतर पुन्हा बोअर. टाकी बांधू नये असे नाही. तिच्यावर विसंबून मार्चमध्ये भांडे पांढरे दिसेल ही अपेक्षा धरू नये.

ज्या भांड्याची चकाकी आधीच गेली आहे त्याला लिंबूसत काही करू शकत नाही. ते बदलावे लागते. गवंडी लागतो, फरशी उखडावी लागते, मंजुरी लागते. त्या अर्जात कारणाच्या रकान्यात 'गैरवापर' असे लिहायची पद्धत आहे. तसे लिहू नये. बोअरच्या पाण्याचा नमुना भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेतून तपासून घ्यावा, काठिण्याचा आणि लोहाचा आकडा अर्जात घालावा, अहवाल सोबत जोडावा, आणि कारण म्हणून 'बोअरचे जड पाणी' असे लिहावे.